कोलंबिया परत आलंच नाही: तेव्हा तुम्ही कुठे होता?

निळेआभाळ

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. आपल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात होत आले होते. नासाचं अंतराळयान (स्पेस शटल) कोलंबिया फ्लोरिडात उतरायला जेमतेम पाव तास राहिला असताना टेक्सासच्या आकाशात, जमिनीपासून साठ-एक किलोमीटर उंचीवर ते तुटलं. कल्पना चावला आणि बाकीचे सहा, सगळेच गेले.

मी तेव्हा दहावीत होतो. क्लासवरून घरी आलो तर सगळे टीव्हीपुढे उभे. बसलेलं कुणीच नव्हतं, हे मला लख्ख आठवतं. पडद्यावर निळ्या आकाशात एक पांढरी रेघ, मग तिच्या तीन-चार रेघा. मला वाटलं उड्डाणाचंच काहीतरी दाखवतायत. बाबा म्हणाले, "अरे, उतरत होतं ते." तोवर माझी समजूत अशी की अवघड काय ते वर जाणं. खाली येताना कसला धोका?

धागा काढायचं कारण मात्र ती संध्याकाळ नाही. पुढे काही वर्षांनी ॲडमिरल गेहमन यांच्या चौकशी मंडळाचा अहवाल वाचला आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कोलंबियाचा घात १ फेब्रुवारीला झालाच नव्हता, तो झाला १६ जानेवारीला. उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या इंधनटाकीवरच्या उष्णतारोधक फोमचा एक तुकडा सुटला. आकार लहान सुटकेसएवढा, वजन पाऊण किलोच्या आसपास. तो डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. पुढचे सोळा दिवस यान ती जखम घेऊन पृथ्वीभोवती फिरत राहिलं. आत माणसं पाळ्या लावून प्रयोग करत होती, घरच्यांशी बोलत होती. खाली काही इंजिनिअर अस्वस्थ होते. १ फेब्रुवारीला कुठे होतो ते आपण सगळे सांगू शकतो. त्या सोळा दिवसांत कुठे होतो ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण तेव्हा बातमीच नव्हती.

म्हणून दोन्ही लिहा. कळलं तेव्हा कुठे होता, आणि त्याआधी या मोहिमेबद्दल काही ठाऊक होतं का. १९८६मध्ये उड्डाणातच नष्ट झालेलं चॅलेंजर यान आठवत असेल त्यांनी तर जरूर लिहा.

कातळफूल

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. आमच्या मजल्यावर एका खोलीच्या दाराला कल्पनाचा फोटो चिकटवलेला होता, १९९७च्या तिच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी वर्तमानपत्रात आलेला. आम्ही तिच्याबद्दल एकेरीतच बोलायचो, मोठ्या बहिणीबद्दल बोलावं तसं. कर्नालसारख्या गावातून निघून, चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात एरोनॉटिकल शाखा घेऊन १९८२मध्ये पदवी, मग टेक्सास, मग कोलोरॅडोत डॉक्टरेट. हा सगळा रस्ता आम्हाला तोंडपाठ होता. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मुली किती होतो ते हाताच्या बोटांवर मोजता येत होतं, म्हणून तो रस्ता पाठ होता.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर "हो" आहे. ती वर आहे हे आम्हाला माहीत होतं आणि त्या शनिवारी उतरणार हेही माहीत होतं. मी मेसच्या रांगेत ताट हातात घेऊन उभी होते. वॉर्डन मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या, "कल्पनाचं यान सापडत नाहीये." 'सापडत नाही' या शब्दांमुळे आम्ही दोन-तीन तास आशा धरून बसलो. कुठेतरी भलतीकडे उतरलं असेल, समुद्रात असेल. एवढ्या उंचीवर, एवढ्या वेगात संपर्क तुटण्याचा अर्थ काय होतो हे आमच्यातल्या एकीलाही सांगवेना. एरोडायनॅमिक्स शिकणाऱ्या एक सीनियर होत्या, त्या काही न बोलता खोलीत निघून गेल्या.

५ फेब्रुवारीला पंतप्रधान वाजपेयींनी आपल्या मेटसॅट उपग्रहाला कल्पना-१ नाव दिल्याचं जाहीर केलं. तो आदल्याच सप्टेंबरात श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटने गेला होता, हवामानासाठी. पुढे कित्येक वर्षं बातम्यांत ढगांची चित्रं दाखवताना 'कल्पना-१' असं कानावर पडलं की माझे हात थांबायचे.

शाईपेन

चॅलेंजरवाली पिढी हजर आहे. २८ जानेवारी १९८६, मंगळवार. फ्लोरिडात सकाळचे ११ वाजून ३८ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले. मी नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओच्या बातम्यांत. दाढी करत होतो. 'शिक्षिका' हा शब्द ऐकला आणि नळ बंद करून बाहेर आलो. क्रिस्टा मॅकऑलिफ, न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेत शिकवणाऱ्या. त्या अंतराळातून धडा घेणार होत्या, म्हणून तिकडच्या शाळाशाळांत मुलांना टीव्हीसमोर बसवलं होतं. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न होता, "तिच्या वर्गातली मुलंही बघत होती का रे?" होय, बघत होती.

आता एक गंमतीची नव्हे, विचार करायला लावणारी गोष्ट. माझा धाकटा भाऊ आजही शपथेवर सांगतो की आम्ही तो स्फोट घरी दुपारी टीव्हीवर थेट पाहिला. कोण कुठे बसलं होतं तेही सांगतो. वर दिलेली वेळ पाहा, आपल्याकडे दुपार शक्यच नाही. पण तो खोटं बोलत नाहीये. अमेरिकेत एमरी विद्यापीठात उलरिक नाइसर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. चॅलेंजरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या काही जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. बऱ्याच जणांच्या उत्तरांचा पहिल्या उत्तरांशी मेळच बसेना, आणि तरी त्यांची खात्री तसूभरही कमी नव्हती. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही नवी आठवण हटली नाही.

म्हणून या धाग्यावर लिहिणाऱ्यांना विनंती, शक्य असेल तर घरच्या कुणाला विचारून लिहा. डायरी असेल तर फारच उत्तम.

उत्तरध्रुव

कोलंबियाच्या वेळी आम्ही पूर्व टेक्सासमध्ये राहत होतो, मिस्टरांच्या शिक्षणासाठी. सकाळचे आठ. मी लेकीला भरवत होते. आधी खिडक्यांची तावदानं थरथरली, मग लांबवर गडगडाट सुरू झाला आणि तो थांबेचना. मेघगर्जना इतका वेळ चालत नाही. शेजारच्या आजी बाहेर येऊन म्हणाल्या, गॅसची पाइपलाइन उडाली असणार. आकाश स्वच्छ होतं.

टीव्हीवर कळलं. पाठोपाठ सूचना सुरू झाल्या: कुठल्याही तुकड्याला हात लावू नका, त्याला विषारी इंधन लागलेलं असू शकतं, पोलिसांना कळवा. नॅकोगडोचेस, हेम्फिल, ही गावं जगाला त्या दिवशी कळली. लोकांच्या अंगणात, कुरणात, रस्त्यावर तुकडे पडले होते, आणि जमिनीवर कुणालाही इजा झाली नाही. आमच्या ओळखीचे एक वयस्क शेतकरी होते. त्यांच्या कुरणात काहीतरी पडलं होतं, काय ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. अधिकारी येईपर्यंत ते त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसून राहिले. रात्रीही. थंडी होती.

मग जंगलात शोध सुरू झाला. पाईनची झाडं, खाली काटेरी वेली, चिखल. माणसं हातभर अंतरावर एका रांगेत चालायची, पाऊलभर जमीन सुटू नये म्हणून. आधी गावकरी, मग देशभरातून वणवे विझवणारी पथकं आली. सगळे मिळून २५,०००हून अधिक लोकांनी यात भाग घेतला. ८४,०००च्या वर तुकडे मिळाले, आणि तरी वजनाने ते यानाच्या ३८ टक्केच. सातही जणांचे अवशेष मात्र पहिल्या दोनेक आठवड्यांत शोधून काढले. मार्चमध्ये हेम्फिलजवळ यानातला नोंदयंत्राचा खोका सापडला. त्यातल्या चुंबकीय फितीवरून कळलं की वातावरणात शिरताना तापलेला वायू डाव्या पंखातच शिरला होता. त्याच मार्चमध्ये शोधातलं एक हेलिकॉप्टर पडून दोघे जण गेले. सात म्हणताना मी मनात नेहमी नऊ म्हणते.

मी स्वतः रांगेत गेले नाही, लेक लहान होती. गावच्या सभागृहात शोधपथकांसाठी बायका स्वयंपाक करत होत्या, तिथे जायचे. ती माणसं काही बोलायची नाहीत. आम्हीही विचारायचो नाही.

मृगशीर्ष

उत्तरध्रुवताई, हे लिहिल्याबद्दल आभार. असं प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून मराठीत मी पहिल्यांदाच वाचलं.

मी गुणवत्ता तपासणीच्या कामात आयुष्य घालवलं, त्यामुळे मला ती संध्याकाळ आठवते त्याहून जास्त चॅलेंजरच्या आदल्या रात्रीची बैठक छळते, जिथे मी अर्थातच नव्हतो. २७ जानेवारी १९८६. बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारी बाजूची रॉकेटं, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगत होते की बूस्टरच्या जोडांतल्या रबराच्या कड्या (ओ-रिंग) थंडीत कडक होतात, जोड नीट बंद होणार नाही, १२ अंशांच्या खाली उडवू नका. रॉजर बॉइझली त्यांत आघाडीवर. कंपनीचे ॲलन मॅकडॉनल्ड केप कॅनाव्हरलला होते, त्यांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. मग वरिष्ठांनी इंजिनिअरांचा सल्ला बाजूला ठेवला आणि सही दुसऱ्याने केली. सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान होतं २ अंशांच्या आसपास. ७३ सेकंदांत सगळं संपलं. पुढे चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंड झाल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. त्यासाठी पेलाभर पाणी पुरलं.

त्या रात्री जे उलटं झालं ते असं. एरवी 'हे सुरक्षित आहे' हे सिद्ध करावं लागतं. त्या रात्री इंजिनिअरांना 'हे असुरक्षित आहे' हे सिद्ध करायला सांगितलं गेलं, आणि तेवढा पुरावा कुणाकडेच नव्हता, कारण एवढ्या थंडीत कधी उडवलंच नव्हतं.

सतरा वर्षांनी कोलंबियाच्या वेळी पुन्हा तेच. फोम आदळल्याचं दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसलं. इंजिनिअरांनी कक्षेतल्या यानाचे फोटो काढून मिळावेत म्हणून वेगवेगळ्या मार्गांनी तीनदा प्रयत्न केले. फोटो काढले गेले नाहीत. पंखाला खरोखरच भोक पडू शकतं का, याचं उत्तर मिळालं जुलै २००३मध्ये. प्रयोगशाळेत तसाच फोमचा तुकडा तोफेतून पंखाच्या कडेवर मारला आणि सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं. बघणाऱ्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

गेल्या वर्षी शुभांशु शुक्लांचं उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे जात होतं, त्यात एकदा रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती सापडली म्हणून. तेव्हा लोक "अजून किती दिवस?" म्हणून वैतागत होते. मला त्या बातमीने फार बरं वाटलं होतं. कुणीतरी गळती पाहिली, सांगितली आणि ती ऐकली गेली. २५ जून २०२५ला ते गेले, १५ जुलैला सुखरूप आले.

रानवारा

निळेआभाळ, लेख मनापासून आवडला, तरी 'घात १६ जानेवारीला झाला' हे मला मान्य नाही. मग तिथेच का थांबायचं? टाकीच्या त्याच भागातला फोम याआधीही सुटला होता. पहिली नोंद १९८३ची, आणि तेव्हाचं यान होतं चॅलेंजर. ऑक्टोबर २००२मध्ये, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, एक तुकडा सुटून बूस्टरच्या खालच्या भागावर आदळला होता. तरी उड्डाणं चालू राहिली. दर वेळी यान परत आलं की फोमची भीती थोडी आणखी कमी झाली. माझ्या मते घात वीस वर्षं चालला होता. १६ जानेवारी हा त्यातला एक दिवस.

मी कुठे होतो? रेल्वेत. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना कुणाचा तरी फोन आला, त्यांनी डब्यात सगळ्यांना सांगितलं. मोहिमेबद्दल आधी काहीच माहीत नव्हतं. कल्पना चावला दुसऱ्यांदा गेल्यात हेच मुळी तेव्हा कळलं.

निळेआभाळ

रानवारा, पटलं. १९८३ची नोंद माझ्या वाचनातून निसटली नव्हती, पण मी तिला तुमच्याइतकं महत्त्व दिलं नव्हतं. आता द्यावंसं वाटतंय.

धुळाक्षर

इथे इतके प्रतिसाद आले आणि कोलंबियावरच्या सातजणांपैकी कल्पना सोडून कुणाचंही नाव नाही. रिक हसबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, लॉरेल क्लार्क, इलान रेमन. हसबंड कमांडर. ब्राऊन आणि क्लार्क दोघेही नौदलातले डॉक्टर. रेमन पहिले इस्रायली अंतराळवीर. त्यांची आई नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीतून वाचलेली, आणि ते सोबत एका मुलाच्या चित्राची प्रत घेऊन गेले होते. पेट्र गिंझ, त्याच छळछावणीत सोळाव्या वर्षी मारला गेला. त्याने काढलं होतं चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल ते. रेमन यांच्या डायरीची काही पानं टेक्सासात उघड्यावर पडलेली सापडली, त्यांवरची अक्षरं जाणकारांनी वाचून काढली.

त्या सोळा दिवसांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. हे सातजण दोन पाळ्यांत चोवीस तास काम करत होते, ८०च्या आसपास प्रयोग. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क अवशेषांत जळक्या अवस्थेत मिळाली, तिच्यातली बहुतेक माहिती काढता आली आणि २००८मध्ये निष्कर्ष प्रसिद्धही झाले. डब्यात बंद असलेले काही सूक्ष्म जंत जिवंत सापडले. आणि २८ जानेवारीला, चॅलेंजरच्या स्मृतिदिनी, या सातजणांनी कक्षेत काम थांबवून त्या सातजणांना आणि १९६७मध्ये तळावरच्या आगीत गेलेल्या अपोलो-१च्या तिघांना आदरांजली वाहिली होती. त्यांचं स्वतःचं परतणं चार दिवसांवर होतं.

सोव्हिएत बाजूबद्दल कुणी लिहिलं नाही. जून १९७१मध्ये सोयुझ-११ हे यान ठरल्याप्रमाणे जमिनीवर उतरलं, दार उघडलं तर आत तिघेही मृत. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव. वरच एक झडप उघडून हवा निघून गेली होती, अंगात दाबाचे पोशाख नव्हते. ती बातमी जगाला कळली तरी. पण ऑक्टोबर १९६०मध्ये बैकोनूरच्या प्रक्षेपण केंद्रात तळावरच रॉकेट पेटून सोव्हिएत क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेदेलिन आणि कित्येक कामगार जळून गेले, तेव्हा नेदेलिन विमान अपघातात गेले असं जाहीर केलं. खरं काय ते १९८९मध्ये छापून आलं. तिथल्या लोकांना 'तेव्हा तुम्ही कुठे होता' असं विचारण्यात अर्थच नाही. त्यांच्याकडून तो दिवस काढून घेतला होता.

कातळफूल

धुळाक्षर, २८ जानेवारीचं मला माहीत नव्हतं. वाचून मन भरून आलं.

मृगशीर्ष, एक प्रश्न इतकी वर्षं मनात आहे. समजा फोटो काढले असते, भोक दिसलं असतं. त्यांना वाचवता आलं असतं का? की कळूनही नुसतं बघत बसावं लागलं असतं? आमच्या हॉस्टेलवर तेव्हा 'काहीच करता आलं नसतं' असं सगळे म्हणायचे.

मृगशीर्ष

तसं नासातलेही काही जण म्हणायचे. पण गेहमन मंडळाने नासाला नेमका हाच हिशोब मांडायला सांगितला. उत्तर असं आलं: पहिल्या आठवड्यात नुकसान कळलं असतं आणि सातजणांनी हालचाल कमी करून काटकसर केली असती, तर यानातला साठा १५ फेब्रुवारीपर्यंत पुरला असता. सगळ्यांत आधी संपणारी गोष्ट म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे डबे. अटलांटिस हे दुसरं शटल १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होतच होतं. तिन्ही पाळ्यांत काम केलं असतं तर कुठलीही आवश्यक चाचणी न गाळता ते १० फेब्रुवारीला निघू शकलं असतं. दोन्ही यानं जवळ आणून, पोशाख चढवून, एकेक करून सातजणांना पलीकडे न्यायचं. कठीण आणि जोखमीचं, कारण अटलांटिसच्या टाकीवरही तोच फोम होता. पण अशक्य नव्हतं. पाच दिवसांची फट होती.

पुढे नियम बदलले. २००५पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाणारं प्रत्येक शटल जोडण्याआधी कोलांटी घेऊन पोट दाखवायचं आणि स्थानकातले लोक फोटो काढायचे. नुकसान दिसलं तर स्थानकातच थांबायची सोय. अंतराळातल्या हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला स्थानक जवळ नव्हतं, म्हणून मे २००९मध्ये अटलांटिस तिकडे गेलं तेव्हा शेजारच्या तळावर एन्डेव्हर हे आणखी एक शटल उभं करून ठेवलं होतं, चारजणांची तुकडी नेमून, नुसतं आणायला जाण्यासाठी. त्याची गरज पडली नाही.